घर्र... घर्र... धप्प!

शनिवारची सकाळ, साडेसहा. घोडेगावात मस्त गारठा, हातात आईचा आल्याचा चहा आणि अंगणातून येणारा तो आवाज... घर्र... घर्र... धप्प! एकदा, दोनदा, पाचदा. मग शांतता. मग बाबांची हाक, ‘‘अगं, ये जरा धक्का मारायला!’’

वीकएंडला गावी जाऊन काय करतेस, असं विचारणाऱ्या ऑफिसवाल्या मैत्रिणींनो, हे करते. स्वेटर घालून गाडी ढकलते.

बाबांची मारुती ८०० आहे १९९६ची. म्हणजे माझ्याहून थोडी थोरलीच. १९८३च्या डिसेंबरमध्ये ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमची कार्बोरेटरवाली, डॅशबोर्डवर चोक ओढायचा नॉब असलेली. तिच्यावर बाबांचा जीव आहे, पण प्रश्न फक्त जिवाचा नाही. आईला दर पंधरा दिवसांनी जुन्नरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं आणि ते काम बाबा आणि ही गाडी मिळून करतात. मागच्या महिन्यात दोनदा गाडी सुरूच झाली नाही. अपॉइंटमेंट हुकली. दादाने पुण्याहून फोनवर निकाल देऊन टाकला, ‘‘बाबा, गाडीचं वय झालंय. विकून टाका. आणि खरं सांगू? तुम्हीही आता ड्रायव्हिंग बंद करा.’’

बाबा काहीच बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

तोवर एका गॅरेजमध्ये बरंच काही करून झालं होतं. नवी बॅटरी, नवे प्लग, कार्बोरेटर सर्व्हिस. बिल साडेआठ हजार! सकाळचा आवाज मात्र तोच. मग सांगण्यात आलं, ‘‘पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतंय.’’ आता आंबेगाव-जुन्नर म्हणजे उसाचा पट्टा. आपल्याच उसाने आपली गाडी बंद पाडली म्हटल्यावर बाबा बिचारे गप्पच!

इथेनॉलचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. २०२५पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, गॅस्केट त्याने लवकर खराब होऊ शकतात. पण तसं असेल तर गाडी वेगळी रडते. हे मला त्या शनिवारी जुन्नरमध्ये कळलं.

धक्का मारून गाडी सुरू केली, आईला मागे बसवलं आणि निघालो. शिवनेरी दिसायला लागला तसे बाबा जरा खुलले. आईला दवाखान्यात सोडलं आणि चौकशी करत एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पोचलो. छोटंसं दुकान, भिंतीवर वायरींची जंगलं. मी माझी लिस्ट वाचायला सुरुवात केली : बॅटरी बदलली, प्लग बदलले... त्याने हातानेच थांबवलं. माझ्याकडे नाही, बाबांकडे बघून म्हणाला, ‘‘काका, काय बदललं ते राहू द्या. गाडी करते काय, ते सांगा.’’

मग प्रश्न. सकाळीच त्रास देते की दुपारीपण? सेल्फ जोरात फिरतो की दमल्यासारखा? पेट्रोलचा वास येतो का?

गंमत बघा, सगळं निदान या तीन प्रश्नांत आहे. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, म्हणजे शोध पेट्रोलमध्ये नाहीतर स्पार्कमध्ये घ्यायचा. पेट्रोलचा भपकारा येतोय, म्हणजे चोक जास्त ओढला गेलाय, प्लग भिजलेत. आणि सेल्फच मरगळल्यासारखा फिरतोय, तर कार्बोरेटरला हात लावायचं कारणच नाही. तिथे करंट कमी पडतोय.

आमचा सेल्फ मरगळलेला होता. म्हणजे साडेआठ हजारांतले प्लग आणि कार्बोरेटर निर्दोष!

‘‘हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा,’’ तो म्हणाला. एव्हाना इंजिन बरंच थंड झालं होतं. घर्र... घर्र... पण दिवे मंद झालेच नाहीत. ‘‘बॅटरी चांगलीय. करंट वाटेत अडतोय.’’

तेवढ्यात बाबा चाचरत म्हणाले, ‘‘एक विचारू का? सेल्फ खूप मारला की चोकची वायर गरम लागते. मी गॅरेजमध्ये सांगितलं होतं. घरीही सांगितलं होतं.’’

हो, सांगितलं होतं. दादा हसला होता. आणि खोटं कशाला बोलू, मीही.

इलेक्ट्रिशियन मात्र हसला नाही. त्याने गाडी न्यूट्रलला घातली, हँडब्रेक ओढला, एक जाड जंपर वायर घेतली आणि बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या लोखंडाला जोडली. ‘‘मारा काका.’’ पहिल्याच सेल्फला गाडी सुरू!

बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणारी अर्थची वायर बोल्टपाशी गंजली होती. सेल्फला लागणारा भरपूर करंट त्या वाटेने परत जाईना, म्हणून तो मिळेल ती वाट धरत होता. त्यातली एक म्हणजे चोकची लोखंडी वायर. ती गरम होणारच! थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो, म्हणून नाटक सकाळचंच. आणि ही नुसती कटकट नव्हती. अशी वायर तापत राहिली तर जळूही शकते.

पॉलिश पेपरने घासून, नवी वायर टाकून बिल झालं साडेतीनशे. निघताना तो बाबांना म्हणाला, ‘‘काका, तुम्ही बरोबर पकडलं होतं.’’ एवढ्या एका वाक्याने बाबा दहा वर्षांनी तरुण झाले.

परत येताना मी विचार करत होते. आपण सगळे किती पटकन निकाल देतो ना? लॅपटॉप स्लो झाला, नवा घ्या. गाडी रडतेय, विका. बाबा तेच तेच सांगतायत, वय झालंय. अरे, पण नक्की काय होतंय, कधी होतंय, हे विचारलं का कुणी? जो माणूस रोज त्या सीटवर बसतो, त्याच्याइतकी खबर कुणाकडे असणार?

रात्री दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणाला, ‘‘बाबांना दे जरा.’’

रविवारी सकाळी साडेसहाला मी गोधडीतच होते. अंगणातून आवाज आला. घर्र-ढुर्रर्रर्र! एका सेल्फमध्ये. आणि लगेच बाबांची हाक, ‘‘झोप गं तू निवांत!’’