ग्रहण पाहावें कीं दार लावावें?

७ सप्टेंबर २०२५ रोजीं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशीं, भाद्रपदी पौर्णिमेस खग्रास चंद्रग्रहण झालें. त्या रात्रीं आमच्या लोकांचे दोन पक्ष पडले होते. एक पक्ष गच्चीवर होता व दुसरा दाराआड होता. गच्चीवरच्या पक्षांत आकाशाची हौस असलेले थोडे विद्यार्थी, शिक्षक, कारकून व दुकानदार होते. एखादी लहानशी दुर्बीण, एक वही व एक घड्याळ एवढेंच त्यांचें भांडवल. दाराआडच्या पक्षाची संख्या पुष्कळच मोठी. त्यांतील कोणी दुपारपासून अन्न वर्ज्य केलेलें, कोणी पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्र ठेवलेलें, व कित्येकांनीं घरांतील गर्भवती सुनेस आंतल्या खोलींत बसवून खिडकीवर पडदा ओढलेला. दोन्ही पक्षांस ग्रहणाची चिंता होती. एकाची चिंता, तें आपणांस दिसेल कीं नाहीं ही. आणि दुसऱ्याची चिंता, तें आपल्या दृष्टीस पडूं नये ही! एकाच चंद्राखालीं राहणाऱ्या, एकच भाषा बोलणाऱ्या व बहुधा एकाच वाड्यांत वा एकाच चाळींत नांदणाऱ्या माणसांत एवढें अंतर कां असावें, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

प्रथम गच्चीवरच्या मंडळींकडे पाहूं. भाद्रपद महिना म्हणजे पावसाळ्याचा शेवट. या दिवसांत आकाश निरभ्र मिळण्याची हमी कोण देणार? त्यापूर्वीं २७ जुलै २०१८ च्या रात्रीं असाच प्रसंग आला होता. त्या वेळची खग्रास स्थिति सुमारें १०३ मिनिटें टिकली. एकविसाव्या शतकांत याहून दीर्घ खग्रास चंद्रग्रहण नाहीं. परंतु तें पडलें आषाढी पौर्णिमेस, पावसाच्या ऐन भरांत. अशा वेळीं हौशी मनुष्य संध्याकाळपासून दहादां बाहेर येऊन वर पाहतो व दहादां निराश होतो. शेजारी त्यास हंसतात. पण त्याची आशा वेडगळ नसते, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. सूर्याचें खग्रास ग्रहण एका ठिकाणीं फार तर कांहीं मिनिटें टिकतें. तेवढ्यांत एक ढग आडवा आला कीं सारा प्रवास व सारा खर्च व्यर्थ. चंद्रग्रहणाची गोष्ट तशी नाहीं. ७ सप्टेंबरच्या रात्रीं चंद्र पृथ्वीच्या दाट छायेंत शिरूं लागला तो ९ वाजून ५७ मिनिटांनीं. ११ वाजून १ मिनिटानें तो पूर्ण बुडाला. आणि छायेंतून सर्वस्वी बाहेर पडला तो १ वाजून २६ मिनिटांनीं. म्हणजे साडेतीन तासांचा हा व्यवहार. एवढ्या वेळांत ढगांस एखादी फट पडली तरी पुष्कळ, या हिशेबानें ही मंडळी जागत असतात. व ज्यास धंद्याचा अनुभव आहे त्यास हा हिशेब बरोबर आहे हें सांगावयास नको.

"पण यांत मिळतें काय?" असें आमचे व्यापारी वाचक विचारतील. प्रश्न योग्य आहे. चंद्रावर पडणारी छाया प्रत्येक ग्रहणांत गोलच असते, यावरून पृथ्वी गोल आहे असा निर्णय अरिस्टॉटल यानें सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं बांधला. त्याजपाशीं दुर्बीण नव्हती. फ्रान्सांतील ज्योतिषी दांजों यानें १९२१ मध्यें खग्रास चंद्राच्या रंगासाठीं शून्यापासून चारपर्यंत एक माप ठरवून दिलें; चंद्र जवळजवळ दिसेनासा झाला तर शून्य, उजळ तांबूस नारिंगी दिसला तर चार. हें माप लावण्यास नुसते डोळे पुरतात. पूर्ण छायेंत गेल्यावरही चंद्र तांबडा दिसतो याचें कारण, पृथ्वीच्या कडेकडेनें जे असंख्य सूर्योदय व सूर्यास्त त्या क्षणीं चाललेले असतात, त्यांचा प्रकाश आमच्या वातावरणांतून वळून चंद्रावर पडतो. वातावरण स्वच्छ असेल तर तो तांबूस. वर धूळ व धूर असेल तर काळवंडलेला. १९६३ सालीं बालींतील आगुंग पर्वतानें आग ओकली, आणि त्या वर्षाच्या ३० डिसेंबरचा ग्रहणचंद्र विलक्षण काळा दिसला. १९९१ सालीं फिलिपाईन्समधील पिनातुबो फुटला, आणि ९ डिसेंबर १९९२ रोजीं तोच प्रकार झाला. अर्थात् गच्चीवर बसून रंगाची नोंद करणारा सामान्य गृहस्थ साऱ्या पृथ्वीच्या हवेचा दाखला लिहीत असतो. चंद्रावरील अमुक विवर छायेंत केव्हां बुडालें, याच्या ज्या वेळा हौशी लोकांनीं टिपल्या, त्यांवरून पृथ्वीची छाया साध्या गणितापेक्षां शेंकडा दोनच्या सुमारें मोठी पडते, या गोष्टीस बळकटी आली. एक वही व एक घड्याळ यांवर एवढें व्याज दुसऱ्या कोणत्या पेढींत मिळेल?

आतां दाराआडच्या पक्षाकडे वळूं. हे लोक मूर्ख आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. ते आमचेच आई-बाप, काका-काकू आहेत. परंतु त्यांच्या वागण्यांत एक विसंगति आहे, ती दाखविल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. ग्रहण किती वाजतां लागणार व किती वाजतां सुटणार, हें त्यांस कळतें कशावरून? पंचांगावरून. आणि पंचांगकर्ता तें काढतो कशावरून? सूर्य, चंद्र व पृथ्वीची छाया यांच्या गणितावरून. चंद्रास पृथ्वीची मोठी छाया झांकते, हें आर्यभटानें इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथांत स्वच्छ सांगून ठेविलें आहे. तें कोणा परकीयानें आम्हांस शिकविलें नाहीं. आमच्याच कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें शके १४४२, म्हणजे १५२० सालीं, ग्रहलाघव रचून तें गणित इतकें सोपें करून दिलें कीं पुढें कित्येक पिढ्या महाराष्ट्रांतील पंचांगें त्याच्या आधारें चालली. या गणितांत राहूच्या मुखाचें माप कोठेंही घ्यावें लागत नाहीं. राहु व केतु हीं चंद्राची वाट सूर्याच्या वाटेस जेथें छेदते त्या दोन बिंदूंचीं नांवें होत. मग हा कोणता न्याय, कीं वेळ छायेच्या गणितानें घ्यावयाची आणि भीति मात्र राक्षसाची बाळगावयाची? ज्या सावकाराची हुंडी शेंकडों वर्षें ठरल्या मिनिटास वटत आली आहे, त्याच्या सचोटीवर संशय घेऊन घरास कडी लावणें हें व्यापारी मनुष्यास तरी शोभत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "स्नान केलें, जप केला, दारीं आलेल्या याचकास चार पैसे दिले, यांत तुमचें काय गेलें?" आमचें कांहींच गेलें नाहीं. ज्यास स्नान करावयाचें त्यानें तें सुखेनैव करावें. दान तर ग्रहणावांचूनही करावें. आमची तक्रार या गोष्टींविरुद्ध नाहीं. आमची तक्रार आहे ती त्या आंतल्या खोलींत बसविलेल्या सुनेविषयीं. तिनें चिरावयाचें नाहीं, शिवावयाचें नाहीं, हालावयाचें नाहीं, कित्येक घरीं तर घोटभर पाणीही प्यावयाचें नाहीं. कां, तर मूल ओठ दुभंगलेलें जन्मेल! वास्तविक वेधाचे नियम बालक, वृद्ध, आजारी व गर्भवती यांच्यापुरते सैल करण्याची रूढी पंचांगांतही नमूद असते. पण जेथें दया करावयाची तेथेंच आमचा धर्माभिमान कडक होतो. शरीरशास्त्र काय सांगतें तें ऐकावें. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्याच्या दरम्यान जुळतो. ज्या बाईस सातवा महिना लागला आहे, तिच्या पोटांतील बाळाचा ओठ केव्हांच तयार झालेला असतो. त्यावर ग्रहणाची सावली काय, अथवा विळीची धार काय, कोणताच परिणाम करूं शकत नाहीं. ज्या देशांत ग्रहण हा उत्सव समजून बायका-पोरें मैदानांत जमतात, तेथेंही असें व्यंग कांहीं मुलांस असतेंच. आणि शस्त्रवैद्य तें नीटही करतात.

ही समजूत निरुपद्रवी आहे असें जे म्हणतात, त्यांनीं थोडें पुढें पाहावें. दुर्दैवानें एखाद्या घरीं तसें मूल जन्मलेंच, तर पहिला प्रश्न त्या आईस विचारला जातो : "ग्रहणांत तूं काय केलेंस?" ती बिचारी आठवूं लागते, कधीं खिडकीशीं उभी राहिली होती, कधीं कात्री हातीं धरली होती. जें तिच्या हातून घडलेंच नाहीं त्याचा दोष ती जन्मभर उराशीं बाळगते, आणि सासरची माणसें तो तिला विसरूं देत नाहींत. निरपराध्यास शिक्षा देणारी रूढी निरुपद्रवी कशी? बाळाचा ओठ शिवतां येतो. आईच्या मनास पडलेली ही चीर शिवण्याचें शस्त्र कोणत्याही वैद्यापाशीं नाहीं.

अज्ञानाची दुसरीही एक किंमत असते. १५०४ च्या फेब्रुवारींत कोलंबस जमैका बेटावर अडकून पडला होता. तेथील लोकांनीं अन्न देण्याचें बंद केलें. त्याजपाशीं युरोपांतील ज्योतिष्याचें कोष्टक होतें. "तुमच्यावर देव कोपला असून तो चंद्र काढून घेणार आहे," अशी धमकी त्यानें दिली, आणि ठरल्या वेळीं चंद्र काळवंडतांच ते भोळे लोक शिधा घेऊन धांवत आले. कोष्टक एकाच्या हातीं व भय दुसऱ्याच्या मनांत, अशी वांटणी जेथें असते तेथें पिशवी कोणाची रिकामी होते, हें आमच्या वाचकांस निराळें सांगण्याची गरज नाहीं. फसवणुकीविरुद्ध उत्तम विमा म्हणजे स्वतः पाहणें. त्यांतून चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनीं पाहण्यास कोणताही धोका नाहीं. डोळ्यांस जपावें लागतें तें सूर्यग्रहणांत. हा भेद मुलांस अवश्य सांगावा.

महाराष्ट्रांत ही हौस नवी नाहीं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालीं स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांच्या या देशांतील संस्थांत ती सर्वांत जुनी होय. तरीही अशा मंडळींचा परिचय आपल्या गांवांतील किती घरांस आहे? ग्रहणाच्या रात्रीं त्यांस उघडी गच्ची मिळतांना मारामार. सोसायटीचे चिटणीस किल्ली देत नाहींत, शाळेचा शिपाई फाटक उघडीत नाहीं. ढगांशीं झगडण्यापूर्वीं त्यांस कुलुपांशींच झगडावें लागतें.

आतां पुढील संधि. ३ मार्च २०२६ च्या ग्रहणाचा आपल्या बाजूस चंद्रोदयाबरोबर जेमतेम शेवट उरतो. ६ जुलै २०२८ चें खंडग्रास पुन्हा पावसाळ्यांतलें. परंतु ३१ डिसेंबर २०२८ रोजीं रात्रीं पावणेदहापासून अकराच्या सुमारापर्यंत, सुमारें ७१ मिनिटें, चंद्र पूर्ण छायेंत राहणार आहे. हिवाळ्याचे दिवस, वेळ सोयीची, आणि वर्षअखेर म्हणून शहर तसेंही जागेंच. त्या रात्रीं नगरपालिकांनीं एखादें मैदान मोकळें ठेवून तेथील मोठे दिवे तेवढा वेळ मालवावे. शाळांनीं गच्च्या उघडाव्या. व्यापाऱ्यांनीं दारूकामावर जो पैसा उडतो त्यांतून आपल्या पेठेंतील शाळेस एक दुर्बीण द्यावी. आणि प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषानें व त्याहूनही कर्त्या सासूबाईंनीं आपल्या सुनेस, ती गर्भवती असली तरीही, शाल पांघरवून, खुर्ची देऊन, आपल्या शेजारीं गच्चीवर बसवावें. एकदां त्या दोघींनीं मिळून तांबडा चंद्र पाहिला आणि पुढें बाळ सुखरूप जन्मलें, कीं त्या घरापुरती ही भीति कायमची गेली. दहा व्याख्यानांनीं जें होणार नाहीं तें त्या एका रात्रीनें होईल.

त्या रात्रीं आकाश निरभ्र राहील असें वचन आम्ही देऊं शकत नाहीं. कोणीच देऊं शकत नाहीं. ढग आले तर गच्चीवरची मंडळी वही मिटून खालीं येतील व पुढच्या ग्रहणाची तारीख काढतील, हा त्यांचा नेहमींचाच क्रम आहे. ढग हटविणें मनुष्याच्या हातीं नाहीं. कडी काढणें आहे. आणि तेवढें तरी आपण करावें, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.