झाड कोणी जाळलं?

2022 च्या रमजान ईदला माझा भाचा पुण्याहून घरी आला होता. शीरखुर्मा खाता खाता सहज म्हणाला, "मामू, मी तो गेम सोडला." शाळेत असल्यापासून 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणारा हा मुलगा. त्याच्या अम्मीच्या ओरडण्याने आणि अब्बांनी इंटरनेट बंद करून जे झालं नव्हतं, ते आपोआप झालं होतं. मला वाटलं, नोकरी लागली, आता वेळ मिळत नसेल. तर म्हणाला, "वेळ आहे मामू. गोष्टच बिघडवून टाकली त्यांनी."

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. गेम मला खेळता येत नाही, पण गोष्ट बिघडली म्हणून कुणाला वाईट वाटतं, हे मला समजतं. म्हटलं, बस, नीट सांग. दोन तास तो सांगत होता. नंतर मी स्वतःही त्यातली दृश्यं पाहिली, खेळाडूंनी काय लिहिलंय ते वाचलं. माझं मत असं झालं की ही तक्रार पोरकट नाही. आपण मोठ्यांनी ती ऐकावी अशी आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ब्लिझार्ड या अमेरिकन कंपनीने तो 2004 साली सुरू केला. 2010 मध्ये त्याचे वर्गणीदार 1 कोटी 20 लाखांवर गेले होते. राजे, जादूगार, राक्षस यांची ही दुनिया. खेळाडू अलायन्स किंवा होर्ड अशा दोन पक्षांपैकी एकाचा असतो. दर दोनेक वर्षांनी कथेचा नवा भाग येतो. तो विकत घ्यायचा, शिवाय महिन्याची वर्गणी भरायची.

2018 साली होर्डची सेनापती सिल्व्हानस हिने टेल्ड्रासिल नावाचं अवाढव्य झाड जाळलं. त्या झाडावर शत्रूचं अख्खं शहर वसलेलं होतं. युद्ध जवळपास जिंकलेलं असताना तिने घरादारांसकट ते पेटवायचा हुकूम दिला. अलायन्सच्या खेळाडूला त्या आगीतून लोकांना बाहेर काढायचं काम दिलं होतं, पण वेळ इतका कमी की सगळ्यांना वाचवणं अशक्यच. होर्डच्या खेळाडूची अवस्था त्याहून वाईट. तो त्या स्वारीत सामील होता. 'मी यात नाही' म्हणायची सोय त्याला नव्हती.

माझा भाचा होर्डचा. तो म्हणाला, "मामू, मला त्या दिवशी लाज वाटली. पण मी थांबलो. म्हटलं, एवढं मोठं पाप दाखवलंय, तर त्याचं कारणही दाखवतील."

पुढच्या वर्षी सॉरफँग नावाचा म्हातारा योद्धा स्वतःच्याच सेनापतीविरुद्ध उभा राहिला आणि द्वंद्वात मारला गेला. तेवढा भाग खेळाडूंना फार आवडला, कारण त्या म्हाताऱ्याला वाटणारी लाज त्यांच्या ओळखीची होती. कारण मात्र अजून बाकीच होतं.

ते कारण 2020 च्या 'शॅडोलँड्स' या भागात आलं. परलोकातला जेलर नावाचा एक कैदी या सगळ्याच्या मागे होता म्हणे. त्याचं नावही खेळाडूंनी आधी ऐकलेलं नव्हतं. इतकंच नाही, तर 2002 पासून चालत आलेल्या आर्थस राजपुत्राची शापित तलवार आणि शिरस्त्राण यांचं मूळही जेलरपर्यंत नेऊन जोडलं. सिल्व्हानसला हरवलेला अर्धा आत्मा परत मिळाला आणि तिला पश्चात्ताप झाला. ज्या आर्थसने तिला मारून भूत बनवलं होतं, त्याचा आत्मा शेवटी छोटासा निळा प्रकाश होऊन दोन-चार वाक्यांत विझला. वीस वर्षं ज्याच्याशी लोक मनाने बांधलेले होते, त्याला एवढीच जागा. त्यातून सिल्व्हानसचं मन समजून घ्यायचं, तर 2022 मध्ये निघालेली वेगळी कादंबरी वाचायची.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. खलनायक नवा असायला हरकत नाही. पण जुन्या पात्रांनी स्वतःच्या हाताने केलेलं मागाहून दुसऱ्याच्या नावावर टाकलं की ती पात्रं बाहुल्या होतात. मग सॉरफँग कशासाठी मेला? भाच्याला त्या दिवशी लाज वाटली, ती कशासाठी? वर्गात गोष्ट सांगताना मुलं एकच प्रश्न विचारतात, "सर, मग त्याने असं का केलं?" त्यावर 'दुसऱ्याने करवलं' असं उत्तर दिलं की वर्गाचं लक्ष उडतं. मुलांना फसवल्याचं लगेच कळतं.

कुणी म्हणेल, इतकी वर्षं चालणारी गोष्ट सैल होणारच. लिहिणारे हात बदलतात. या दुनियेचा एक मुख्य रचनाकार, ख्रिस मेट्झन, 2016 मध्ये निवृत्त झाला होता. शिवाय धंद्याचं गणित आहे. दोन पक्ष भांडत राहिले पाहिजेत आणि पुढचा शत्रू मागच्यापेक्षा मोठा हवा. जेलरसुद्धा मरताना आणखी मोठ्या संकटाचा इशारा देऊनच गेला. या अडचणी मला मान्य आहेत.

पण लांबी हे कारण मला पटत नाही. उर्दू वाचणाऱ्याला तर पटूच नये. लखनौच्या नवल किशोर प्रेसने छापलेल्या 'दास्तान-ए-अमीर हमझा'चे 46 खंड आहेत. ती सांगणारे आणि लिहिणारेही अनेक. त्यातल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'त जादूचा सुकाळ आहे. पण तिलिस्म कसा तुटेल याची एक लौह, म्हणजे पाटी, असते आणि तो तोडणारा ठरलेला असतो. जादू कितीही अफाट असो, तिला कायदा आहे. अमर अय्यार चोर आहे, लबाड आहे, लोभी आहे, आणि खंडामागून खंड तो तसाच राहतो. म्हणून ऐकणारा रात्र रात्र बसायचा.

आजच्या खेळांतही हे जमलेलं आहे. 'फायनल फँटसी 14' हा जपानी ऑनलाइन खेळ 2010 मध्ये सपशेल फसला. कंपनीने जुना खेळ बंद करताना कथेतच ती दुनिया उद्ध्वस्त केली, आणि 2013 मध्ये त्याच विनाशानंतरची गोष्ट म्हणून नवा खेळ आणला. तिथे सुरू झालेलं कथानक 2021 च्या 'एंडवॉकर' भागात पूर्ण केलं आणि बहुतेक खेळाडू समाधानाने उठले. 2024 च्या पुढच्या भागावर त्यांनीही टीका ऐकली. पण मागचं कर्ज फेडलेलं होतं.

ब्लिझार्डलाही चूक उमगली असावी. मेट्झनला 2022 च्या शेवटी परत आणलं आणि 2023 मध्ये तीन भागांत चालणारी एकच सलग कथा जाहीर केली. ती कशी उतरते ते खेळणारे ठरवतील.

भाच्याला मी एक गोष्ट मात्र सुनावली. लेखकांना शिवीगाळ करणाऱ्या पोस्टी त्याने कौतुकाने दाखवल्या होत्या. म्हटलं, हे आपल्यात बसत नाही. गोष्ट कुठे तुटली ते दहा ओळींत लिही, शिवी एकही नको. त्याने लिहिलं. शेवटची ओळ होती, "झाड कोणी जाळलं, एवढंच नीट सांगा." माझ्या वर्गातल्या कितीतरी निबंधांपेक्षा ते लिखाण सरस होतं.

म्हणून आईबापांना माझी विनंती आहे. मुलगा गेमच्या गोष्टीवर चिडला तर 'गेमच तर आहे' म्हणून त्याला उडवून लावू नका. जवळ बसवा आणि विचारा, कुठे पटलं नाही? जे घडलं त्याचा जाब कुणीतरी दिला पाहिजे, असं तो म्हणत असेल, तर ती सवय मोडू नका. गोष्टीत जाब मागणारा मुलगा उद्या गोष्टीबाहेरही मागेल.