उन्हाची भीति कोणती बाळगावी?

आपल्या घरांतून मुलींस उन्हांत जाऊं नये असें वारंवार सांगण्यांत येतें. मुलग्यांस तसें क्वचितच कोणी सांगतें. कारण विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: "काळी पडशील." सामने जवळ आले कीं खो-खोच्या किंवा धांवण्याच्या संघांतून एखाददुसरी मुलगी गळते, आणि चौकशी केली असतां, दहा वर्षांनीं व्हावयाच्या लग्नाची काळजी तिच्या घरीं आजच सुरू झाली आहे असें आढळतें. इकडे तिचा भाऊ मे महिन्याच्या भर दुपारीं उघड्या डोक्यानें क्रिकेट खेळून परततो व त्याच्या धांवांचें कौतुक होतें. ऊन दोघांसही सारखेंच लागतें. माझें म्हणणें इतकेंच कीं, आपण उन्हास भितों तें भलत्या कारणासाठीं, भलत्या वेळीं, आणि निम्म्याच मुलांच्या बाबतींत.

त्वचा काळवंडते म्हणजे काय होतें हें प्रथम पाहूं. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस दिसणाऱ्या रंगांखेरीज जांभळ्याच्या पलीकडचे अतिनील किरण असतात. १८०१ सालीं योहान रिटर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें ते प्रथम ओळखले. हे किरण त्वचेच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्यास इजा करितात. अशी इजा झाली कीं त्वचा मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य अधिक प्रमाणांत तयार करिते, व तें पेशींच्या केंद्रांवर छत्रीसारखें पसरतें. ज्या काळेपणाची आपणांस लाज वाटते तो शरीरानें स्वतःच्या रक्षणासाठीं योजिलेला उपाय आहे. तो पुसून टाकण्याच्या हट्टापायीं बाजारांतून मलमें आणावयाचीं, ह्यास काय म्हणावें? गोरेपणाच्या कांहीं मलमांत पारा आढळला आहे, आणि पारा मूत्रपिंडांस अपायकारक असतो. कांहींत स्टेरॉइड असतें; वैद्यकीय सल्ल्यावांचून तें महिनोन्‌महिने चोळलें तर त्वचा पातळ होते आणि तिला ऊन पूर्वींपेक्षां अधिकच बाधतें.

आतां अतिशयोक्तीहि नको. ऑस्ट्रेलियांत त्वचेच्या कर्करोगाचें प्रमाण फार मोठें आहे, कारण तेथें कडक ऊन आणि गोऱ्या कातडीचे लोक ह्यांची गांठ पडली. अंगांत शर्ट घाला, मलम लावा, डोक्यावर टोपी ठेवा, अशी मोहीम तेथें १९८१ सालीं सुरू झाली. आणि तेथील पुष्कळ शाळांत, टोपी नसेल त्या मुलास मैदानांत खेळूं देत नाहींत. सावळ्या वर्णाच्या लोकांत हा रोग पुष्कळच कमी. परंतु सुरकुत्या, गालांवरील वांग आणि भाजलेली कातडी ह्यांतून सावळा वर्ण आपणांस सर्वस्वीं सोडवीत नाहीं. आणि डोळ्यांचें रक्षण तर तो मुळींच करीत नाहीं. वर्षानुवर्षें तीव्र ऊन डोळ्यांवर घेणाऱ्यांस मोतीबिंदु होण्याचा संभव वाढतो, हें पालकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असतें.

मुलांनीं घरांत दडून बसावें असा ह्याचा अर्थ कोणीं करूं नये. हाडें बळकट होण्यास लागणारें ड जीवनसत्त्व त्वचेंत उन्हामुळेंच तयार होतें. त्याच्या अभावीं मुलांस मुडदूस होतो. मात्र त्यासाठीं थोडा वेळ पुरतो, तासन्‌तास भाजून घ्यावें लागत नाहीं.

मग ऊन केव्हां टाळावें? ह्याचें माप प्रत्येकाच्या पायांशीं पडलेलें असतें. आपली सावली आपल्या उंचीहून लांब असेल तर खुशाल खेळावें. आंखूड असेल तर अंग झांकावें किंवा झाडाखालीं जावें. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यास व पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य माध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो व सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. उलट डिसेंबरांत, ज्या दिवसांत आपण हौसेनें ऊन खात बसतों, त्या दिवसांतहि पुण्यास माध्यान्हींची सावली माणसाच्या उंचीहून थोडी आंखूडच राहते. विद्यार्थ्यांनीं हें स्वतः मोजून पाहावें; भूगोलाच्या तासास ह्याहून चांगला प्रयोग नाहीं. उकाड्यावरून मात्र कोणीं ठरवूं नये. हवा सर्वांत तापते ती दोन-तीनच्या सुमारास, पण अतिनील किरणांचा जोर साडेबाराच्या सुमारासच शिगेस पोंचलेला असतो. पांचगणीच्या थंड वाऱ्यांत किंवा पावसाळ्यांतल्या पातळ ढगांखालीं ते जाणवत नाहींत इतकेंच.

उपायांपैकीं मलमाचा खर्च सर्वांस झेपण्याजोगा नाहीं, आणि तें दर दोन तासांनीं पुन्हा लावलें नाहीं तर त्याचा उपयोगहि उतरतो. कापड स्वस्त व खात्रीचें. शेतांत राबणाऱ्या आपल्या आयाबहिणी लुगड्यावर घरधन्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा चढवितात व डोकें पदरानें बांधून घेतात, त्यांस हें कोणीं शिकवावें लागलें नाहीं. कापड उजेडाकडे धरून पाहावें. ज्यांतून आरपार दिसतें त्यांतून किरणहि येतात. आपला शाळेचा पांढरा पातळ सदरा ह्या परीक्षेंत नापास होतो, आणि घामानें भिजल्यावर तर अधिकच.

शाळेच्या चालकांपुढें म्हणून दोन गोष्टी ठेवतों. उन्हाळ्यांत कवाइत सकाळीं नऊच्या आधीं व सामने दुपारीं चारनंतर व्हावे. आणि टोपी ही मुलगा व मुलगी दोघांच्याहि गणवेषाचा भाग व्हावी. दुसऱ्या सूचनेस आणखी एक कारण आहे. कांहीं मुलांच्या अंगीं जन्मतःच मेलॅनिन नसतें किंवा अगदीं थोडें असतें. त्यांचे केस व कातडी पांढुरकी, नजर अधू, आणि उजेडांत डोळे मिटतात. लोक त्यांस कोड आहे असें समजून दूर सरतात. वस्तुतः ही स्थिति निराळी, आणि कोड काय किंवा ही काय, दोन्हींपैकीं एकहि स्पर्शानें लागत नाहीं. ह्या मुलांस मात्र आपल्या देशांतहि ऊन खरोखर घातक असतें. ऐन तारुण्यांत त्वचेचा कर्करोग होण्याचें भय त्यांस असतें. सगळ्या मैदानांत एकट्यानेंच टोपी घालून उभें राहणें बारा वर्षांच्या मुलास किती जड जातें, ह्याची कल्पना मोठ्यांस सहसा येत नाहीं. पांचशे डोक्यांवर टोपी आली तर त्या एकाकडे कोण पाहील?

टोपीचा रंग कवाइतीच्या शिक्षकांनीं ठरवावा. मात्र तिला चोहोंकडून चांगला चार बोटें काठ असावा. क्रिकेटच्या टोपीची चोंच ऐटबाज दिसते खरी, पण तिनें कान व मान उघडींच राहतात.