पेटी म्हणजे आंब्याची नव्हे!

रत्नागिरीत 'पेटी' म्हटलं की समोरच्याला दोनच गोष्टी सुचतात. पाच डझनी हापूस, नाहीतर भजनातली हार्मोनियम. 'सबवूफरची पेटी करायचीय' म्हणून सांगा, लोक 'नोकरीला लागून पोरगं कामातून गेलं' अशा नजरेनं बघतात. बघू देत! गावच्या घरासाठी मी ही पेटी सुट्टीत करून घेतली आणि आज तिचा हिशेब तुमच्यासमोर मांडतोय. घाबरू नका, दहावीच्या गणिताच्या पुढे काही नाही.

बहुतेक जण इथे फसतात: सगळं बजेट स्पीकरवर आणि पेटी म्हणजे काय, लाकूडच तर आहे! पण बंद पेटीतली हवा ही स्प्रिंग असते, बॉस. कोन आत गेला की हवा दाबली जाते आणि त्याला परत ढकलते. पेटी लहान, तर स्प्रिंग ताठ. मग बास खोल जात नाही, एकाच सुरावर 'ढुम्म ढुम्म' करत बसतो. पेटी अवाढव्य, तर स्प्रिंग ढिली. कोनाला आवर राहत नाही आणि मोठ्या आवाजात तो मर्यादेबाहेर हलतो. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली एआर-१ हा स्पीकर बाजारात आणला, तो हवेच्या याच स्प्रिंगच्या जोरावर. पुढे ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील (१९६१) आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं पक्कं गणित बसवलं. म्हणून स्पीकरच्या माहितीपत्रकातल्या या आकड्यांना आजही 'थील-स्मॉल पॅरामीटर्स' म्हणतात.

त्यातले तीनच आपल्या कामाचे. एफएस, म्हणजे मोकळ्या हवेत कोन ज्या कंपनसंख्येवर आपसूक डोलतो ती. क्यूटीएस, म्हणजे त्या डोलण्याला किती लगाम आहे ते. आणि व्हीएएस, म्हणजे कोनाच्या लवचिकतेइकतीच लवचीक हवा किती लिटर, ते. स्पीकर घेताना हे तीन आकडे मागा. दुकानदार 'दोन हजार वॅट आहे साहेब' एवढंच सांगत असेल, तर चहा प्या आणि पुढचं दुकान गाठा.

आता उदाहरण. समजा दहा इंची स्पीकर आहे. एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ६० लिटर. बंद पेटीत एकूण लगामाचा आकडा ०.७०७ आला की बास सपाट आणि स्वच्छ येतो. तर ०.७०७ ला ०.४५ ने भागा: १.५७. त्याचा वर्ग २.४७. त्यातून १ वजा: १.४७. आता ६० ला १.४७ ने भागा. उत्तर सुमारे ४१ लिटर. झालं! आणि २८ गुणिले १.५७ म्हणजे ४४ हर्ट्झ. तिथपर्यंत बास दमदार, त्याखाली हळूहळू उतरत जाणार. बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे बऱ्यापैकी भागलं.

४१ मध्ये स्पीकरच्या मागच्या लोहचुंबकाची आणि आतल्या आधारपट्ट्यांची जागा मिळवा, साधारण ३ लिटर. एकूण ४४. सेंटिमीटरमध्ये ४० गुणिले ३५ गुणिले ३१.५ केलं की बरोबर जमतं.

माप घेऊन मी सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी लाखमोलाचा प्रश्न विचारला, "दादा, माप आतलं की बाहेरचं?" आतलं, काका, आतलंच! हेच माप बाहेरून धरलं आणि प्लाय १८ मिलिमीटरचा असला, तर आत जेमतेम ३२ लिटर उरतात. पावपेक्षा जास्त हवा गायब आणि बासचा झाला बूम.

आकाराचं म्हणाल, तर 'गोल्डन रेशो'च्या भानगडीत पडू नका. ४० सेंटिमीटरच्या पेटीत आवाज आतल्या आत घुमतो तो ४३० हर्ट्झच्या आसपास. सबवूफर ८० हर्ट्झच्या वर फारसा वाजवायचाच नसतो. त्यामुळे लिटर सांभाळा, आकार सोफ्याला शोभेल तसा ठेवा. स्पीकर कुठल्याही बाजूला बसवा; फक्त मागे चुंबकाला श्वास घ्यायला जागा हवी.

कोकणातला पाऊस लक्षात घेऊन एमडीएफला नमस्कार केला, कारण पाणी प्यायला की तो फुगतो. त्याऐवजी आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय. अर्ध्या शीटमध्ये काम होतं. सांधे सील करा, हवा गळली तर सगळं गणित पाण्यात. पोर्टवाली पेटी जास्त खोल जाते, हे खरं. पण तिचा हिशेब जरा चुकला तरी ती माफ करत नाही आणि त्या भोकातून पाली-झुरळंही गृहप्रवेश करतात. पहिली पेटी बंदच बरी.

आता ठेवायची कुठे? आमची बैठकीची खोली १२ बाय १०. अशा खोलीत लांबीच्या दिशेनं ४७ आणि रुंदीच्या दिशेनं ५६ हर्ट्झ घुमतात. पेटी कोपऱ्यात ठेवलीत की दोन्ही जोरात उठतात. उपाय सोपा: पेटी तुमच्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बास एकसारखा ऐकू येईल, ती पेटीची जागा. मी रांगताना आईनं विचारलं, "काय हरवलंय का रे?" ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, त्यामुळे पेटी सोफ्यामागे गेली तरी चालतं.

हा सगळा खटाटोप भिंती हलवायला नाही, मंडळी. आवाज कमी केला की माणसाच्या कानातून आधी बास गळतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलंय. म्हणून हळू आवाजातली गाणी पोकळ वाटतात आणि आपला हात व्हॉल्यूमकडे जातो. पलीकडे माजघरात आजी झोपते. तिची झोप हलकी आणि बास भिंतीला जुमानत नाही. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पेटी नीट झाली, तर हळू आवाजातही गाणं भरलेलं लागतं. सकाळी आजीला विचारतो, "रात्री त्रास झाला?" ती म्हणते, "कसला?" या एका शब्दासाठी ४१ लिटरचा हिशेब वसूल!

तेव्हा या शनिवारी माहितीपत्रक, कॅल्क्युलेटर आणि टेप घेऊन बसा. करवत रविवारी.