चाकाची साखळी, हुकाची साखळी

काश्मीरमधल्या सोनमर्गच्या रस्त्यावर बर्फ पडला की पोलीस गाड्या थांबवतात आणि आधी साखळ्यांचं विचारतात. साखळ्या नसतील, तर साधी गाडी पुढे सोडत नाहीत. मालट्रकच्या मागच्या जोडचाकांवर ती जड लोखंडी जाळी चढवायला ड्रायव्हरला बर्फात गुडघे टेकावे लागतात. थोडं अंतर गेलं की उतरून सैल पडलेली साखळी पुन्हा आवळायची. कोरडं डांबर लागलं की काढायची. नाहीतर रस्ता उखडतो आणि साखळीही तुटते.

जालना जिल्ह्यातल्या मंठ्यात बर्फ पडत नाही. पण थंडीतली ओढाओढ इथेही आहे, उसाची.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीसारखा पाऊस झाला, की काळ्या रानातली ओल लवकर हटत नाही. भरलेली गाडी फडात फसते. चाकाला साखळी गुंडाळून फारसं साधत नाही, कारण काळी चिकण माती कड्यांमधल्या फटी भरून टाकते आणि चाक नुसतं जागेवर फिरतं. मग चाकाखाली पाचट टाकायचं, काही मोळ्या उतरवायच्या, पुढे दुसरा ट्रॅक्टर जोडायचा. ओढायची साखळी ताणली गेली, की तिच्या रेषेत कुणीही उभं राहू नये. ती तुटली तर तुटकं टोक उलटं झेपावतं. तोडणीच्या टोळीतली पोरंसोरं नेमकी तिथेच गाडी निघताना बघायला जमतात. त्यांना लांब करणं हे मुकादमाचं पहिलं काम असायला हवं.

खरी काळजी पुढे आहे. वाटूर फाटा ते जिंतूर या रस्त्यावर रात्री एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या चालतात, तेव्हा मागचे कित्येक टन एका पिनेच्या भरवशावर असतात. पिन निसटली तर ट्रॉली धरून ठेवणारी जोडसाखळी हुकाला हवीच. पाठीमागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला उसाखाली झाकलेली ट्रॉली दिसावी, म्हणून लाल परावर्तक पट्टीही हवी. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात. थांबून तपासायला ड्रायव्हरला सवड कुठली?

काश्मीरमध्ये नाक्यावर जमतं, ते इथे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर जमू शकतं. प्रत्येक ट्रॉली तिथे उभी राहतेच. रिकामी होऊन निघताना कारखान्याच्या माणसाने पिन, जोडसाखळी आणि पट्टी पाहावी. नसेल ते तिथल्या तिथे बसवून द्यावं आणि मगच ट्रॅक्टर पुन्हा फडाकडे सोडावा.