यंत्र घेऊन कुठे जाऊ नये

माझा एक जुना विद्यार्थी चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याने ऑनलाइन एक मेटल डिटेक्टर मागवला. जमिनीवरून फिरवला की खाली धातू असेल तिथे तो कुंई करतो. मला विचारत होता, "सर, हे घेऊन फिरायला आपल्या भागात चांगल्या जागा कुठल्या? तुम्ही इतिहास शिकवलाय, तुम्हाला माहीत असणार." त्याची स्वतःची यादी तयार होतीच. चाकणचा किल्ला, नदीकाठचे जुने घाट, गावठाणातले पडके वाडे आणि जत्रेचं मैदान.

यादी अगदी बरोबर आहे हो! माणसं जिथे लढली, राहिली, जिथे त्यांनी व्यवहार केले तिथेच धातू सापडणार. पण म्हणूनच माझं म्हणणं असं, की यातल्या पहिल्या तीन जागी हे यंत्र घेऊन कुणीही हौशी माणसाने जाऊ नये. या छंदाला आता आपल्याकडेही चाहते मिळू लागलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेहमीचा युक्तिवाद असा असतो, "सर, नाणं मातीत गंजून जाणार, त्यापेक्षा मी काढलं तर वाईट काय?" ऐकायला बरं वाटतं. पण नाण्याची निम्मी गोष्ट नाण्यावर असते आणि उरलेली निम्मी ते पडलं होतं त्या जागेत असते. किती खोल होतं, कुठल्या थरात, शेजारी चूल होती की राख की खापरं? खुरपं मारून नाणं उपटलं की ही निम्मी गोष्ट कायमची गेली.

चाकणचंच बघा. १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेने संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट दीडएक महिन्याहून अधिक काळ झुंजवला. शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवला तेव्हा कुठे किल्ला पडला. आज त्या कोटाचा थोडाच भाग शिल्लक आहे. तिथल्या मातीत शिशाची एखादी गोळी असेलच, तर भंगारात तिचे किती येणार? पण अशा गोळ्या कुठे दाट पडल्यात आणि कुठे विरळ, याचा नकाशा काढला तर मारा कुठल्या बाजूने झाला ते कळू शकतं. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न इथे १८७६ साली लढाई झाली होती. १९८३ मध्ये तिथलं गवत जळालं आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी हेच मेटल डिटेक्टर घेऊन ते रण पिंजून काढलं. प्रत्येक काडतुसाची जागा नोंदवली. काडतुसावरच्या खुणांवरून कुठली बंदूक कुठून कुठे सरकली तेही सांगितलं. म्हणजे यंत्र वाईट नाही. नोंद न करता खिशात टाकणं वाईट.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण हवं? प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका आदिवासी शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार धातूच्या मूर्ती मिळाल्या. बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. वजन साठ किलोंहून अधिक. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण मूर्ती थरासकट, तज्ज्ञांच्या देखत निघाल्या नाहीत आणि त्यांचा काळ कोणता यावर विद्वानांचा वाद झाला. इतका मोठा ठेवा, पण तारखेवर प्रश्नचिन्ह!

आणि सगळेच काही निरागस छंदी नसतात. मार्च २०२५ मध्ये 'छावा' सिनेमानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन दुसऱ्यांची शेतं खणत होते. मुघलांचं सोनं मिळेल म्हणे! सिनेमा बघून इतिहासाचं पुस्तक उघडावं असं कुणाच्या मनात आलं नाही, फावडं मात्र आलं.

आता तुम्ही म्हणाल, "सर, एका पोराच्या खुरप्याने काय होतंय? इथे रोज शेकडो जेसीबी चालतात, त्यांचं काय?" हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे आणि माझा खरा राग तिथेच आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत गेली साठेक वर्षं आपण जमीन उलथीपालथी करतोय. २०२१ साली चिखलीत बांधकामाच्या खोदकामात मजुरांना एका भांड्यात २१६ मुघलकालीन सोन्याची नाणी मिळाली. सव्वादोन किलोंहून जास्त सोनं! ती घरात लपवली गेली, पोलिसांना सुगावा लागला, मग जप्ती. बातम्यांत वजन आलं, किंमत आली. ते भांडं कुणाच्या घराखाली होतं, आसपास वस्ती होती का, हे प्रश्न मातीतच राहिले.

त्या मजुरांना कायदा कुणी सांगितला होता का? १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हक्क जातो आणि वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पण कळवलं, आणि धन बेवारस ठरलं, तर वेगळा करार नसल्यास चारातले तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि एक जागेच्या मालकाचा. सरकारला हवं असेल तर मोबदला देऊन ते घेता येतं. ही दुसरी बाजू बांधकामाच्या फाटकावर मराठीत आणि हिंदीत लिहून लावायला कितीसा खर्च येतो? इंग्लंडमध्ये १९९७ पासून हौशी लोकांकडून सापडलेल्या वस्तूंची जागेसकट नोंद घेणारी योजना आहे. नोंदी दहा लाखांच्या पुढे गेल्या. आपल्याकडे जुन्या गावठाणात पाया खणताना एक जाणकार माणूस उभा करण्याची सक्तीसुद्धा आपण मागत नाही. पुण्यात डेक्कन कॉलेजसारखी संस्था हाकेच्या अंतरावर असताना!

असो. त्या विद्यार्थ्याला जागाही सांगितल्या. जत्रा उठल्यावर मैदानावर जा, पण पंचांना विचारून. तिथली जमीन दरवर्षी तुडवली जाते, वरच्या बोटभर मातीत काल-परवाची नाणी मिळतील. कुणाची अंगठी शेतात पडली असेल, पैंजण क्रीडांगणावर हरवलं असेल, तर यंत्र घेऊन मदतीला जा. कुणाचं मंगळसूत्र शोधून दिलंस तर जन्मभर दुवा मिळेल. मालकाची परवानगी घे, खड्डा बुजव, आणि जुनं काही दिसलं तर हात न लावता फोटो काढून तहसीलदारांना कळव.

आणि किल्ल्यावर जरूर जा. पोराबाळांना घेऊन जा. यंत्र मात्र घरी ठेव.