हेडसेट घेताय? आधी माइक बघा!

दापोड्यात घरबसल्या टेलिकॉलिंगचा पार्टटाइम जॉब करायचा, म्हणजे बाहेर गोडाऊनला लागणाऱ्या कंटेनरचे हॉर्न आणि घरात कुकरची शिट्टी आलीच. मग बॉक्सवर 'नॉइज कॅन्सलेशन' दिसलं की आपण हेडसेट उचलतो. इथेच गल्लत होते. एएनसी बाहेरचा गोंगाट आपल्या कानांपुरता कमी करतं. कस्टमरला हॉर्न ऐकू येतच राहतो. त्यासाठी माइकचं नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे ईएनसी हवं. तोंडाजवळ येणारा बूम माइक असेल तर उत्तमच. घरच्या लँडलाइनला लावणार असाल, तर पिन आधी तपासा. मोबाइलची ३.५ मिमी पिन तिथे सहसा चालत नाही.

नीट ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित. मोठ्या आवाजाने कानाचं झालेलं कायमचं नुकसान भरून येत नाही.

आणि मुळात हेडसेट ही चैन नाही, कामाचं साधन आहे. त्याचा खर्च आपल्या पॉकेटमनीतून का? इंटरव्ह्यूत पगार विचारता ना? मग 'हेडसेट कोण देणार?' हेही बिनधास्त विचारा.